तेरा आठवड्यांचा हिशेब

आमचे दुल्हाभाई, म्हणजे थोरल्या आपाचे यजमान, निवृत्त माणूस. २०२२ च्या मे महिन्यात ‘पंचायत’ या हिंदी मालिकेचा दुसरा हंगाम त्यांनी तीन रात्रींत संपवला. शेवटच्या भागात प्रल्हादचा फौजी मुलगा जातो. ‘‘आता त्या बापाचं कसं व्हायचं?’’ हे ते मला पुढे कितीदा तरी विचारत. तिसरा हंगाम आला २०२४ च्या मे महिन्यात. तोवर दुल्हाभाई राहिले नव्हते.

आठ भाग आणि दोन वर्षांची वाट, ही रीत अमेरिकेतून आली. तिथेही ती फार जुनी नाही. तिची गोष्ट रेडिओवरून सांगणे योग्यच, कारण मुळातला हिशेब रेडिओचा आहे.

अमेरिकन रेडिओवर जाहिरातदारांचे करार तेरा आठवड्यांचे असत. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे चार तेरा. तीन तिमाह्या कार्यक्रम चालायचा आणि चौथीत, ऐन उन्हाळ्यात, कलावंतांना सुट्टी. तीन तेरे एकोणचाळीस! टेलिव्हिजनने हा हिशेब जसाच्या तसा उचलला. १९५५ साली सुरू झालेल्या ‘गनस्मोक’ या मालिकेच्या पहिल्याच हंगामात ३९ भाग होते. प्रेक्षकाला थांबायचे ते जेमतेम तीन महिने. दूरदर्शनची तेरा भागांची मंजुरी आठवणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

या आकड्याला गळती लागली ती पुनःप्रक्षेपणाने. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका फिल्मवर चित्रित होत असे. १९५२-५३ मध्ये नायिका ल्युसिल बॉल गरोदर होती, तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. एकदा केलेला खर्च दोनदा वसूल होतो, हे कळल्यावर नवे भाग कोण जास्त करील? ‘स्टार ट्रेक’चे तीन हंगाम पाहा. १९६६ ला २९ भाग, पुढच्या वर्षी २६, त्यापुढे २४. ऐंशीच्या दशकात बावीस-चोवीसवर गाडी स्थिरावली. खरे सांगायचे तर त्या एकोणचाळीसांत भरताडही पुष्कळ असे. लिहिणारे आणि काम करणारे घाण्याला जुंपल्यासारखे असत. त्या जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.

पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. एक भाग पडद्यावर दिसत असताना दुसऱ्याचे चित्रण चालू असे आणि तिसरा लिहिला जात असे. १९९९ साली एचबीओची ‘द सोप्रानोज’ आली. तेरा भाग, जाहिराती नाहीत, उत्पन्न वर्गणीदारांचे. तिचा तिसरा हंगाम मे २००१ मध्ये संपला आणि चौथा उगवला सप्टेंबर २००२ मध्ये. सोळा महिने! मालिका उत्तम होती, म्हणून लोक थांबले. थांबतात हे मालकांच्या लक्षात आले. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले. मग तेराचे दहा झाले, दहाचे आठ. सगळे भाग आधी लिहायचे, मग सिनेमासारखे चित्रित करायचे, मग संगणकावरची करामत. शिवाय किती जणांनी पाहिले त्याचे आकडे हाती आल्याशिवाय पुढच्या हंगामाला होकार नाही.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ जुलै २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या अखेरीस संपली. पाच हंगामांत मिळून भाग किती? ४२. ‘गनस्मोक’च्या एका हंगामाहून तीन जास्त. ‘गनस्मोक’चा भाग अर्ध्या तासाचा आणि हिचा शेवटचा भाग दोन तासांहून लांब, हे मान्य. पण गोष्टीतली शाळकरी पोरे काम करता करता विशी ओलांडून गेली. मध्ये महामारीही आली, तो दोष कुणाचा नाही.

या टंचाईची झळ आपल्यापेक्षा लेखकांना जास्त बसली. मोबदल्याचा मोठा हिस्सा भागागणिक ठरलेला, तेव्हा बावीसचे आठ झाले की कमाई आटली. करारामुळे दुसरीकडे काम धरायचीही अनेकदा चोरी. २ मे २०२३ ला अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले, ते १४८ दिवस. एका मालिकेवर किमान किती लेखक नेमायचे आणि किमान किती आठवडे काम द्यायचे, याची हमी त्यांनी त्या संपातून मिळवली. संपामुळे आपल्या मालिका आणखी लांबल्या म्हणून कुरकुर करणाऱ्यांत मीही होतो. आता त्याची लाज वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘द पिट’ ही इस्पितळावरची मालिका आली. पंधरा भाग, दर आठवड्याला एक, आणि दुसरा हंगाम बरोबर वर्षाने, जानेवारी २०२६ मध्ये. तोही पंधरा भागांचा. चित्रण मुख्यतः एकाच वॉर्डाच्या सेटवर, त्यामुळे खर्च आटोक्यात. जुनेच गणित नव्या दुकानात चालले. तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला.

‘पंचायत’चा तिसरा हंगाम आपाने लावला. प्रल्हाद दिसला तशी ती म्हणाली, ‘‘राहू दे, नंतर बघू.’’ अजून पाहिलेला नाही.