बॅटमनचे वैरी

नायकाची थोरवी सांगण्याचे दोन मार्ग दंडीने आपल्या ‘काव्यादर्शा’त सांगितले आहेत. एक म्हणजे आधी नायकाचे गुण वर्णावे आणि मग त्याच्या हातून शत्रूंचा नाश घडवावा. दुसरा म्हणजे शत्रूचेही कुल, पराक्रम आणि विद्या यथास्थित वर्णावी, आणि अशा शत्रूला जिंकल्यामुळे नायक किती थोर ठरतो ते दाखवावे. हा दुसरा मार्गही आपल्याला आनंद देतो, असा त्याचा अभिप्राय आहे. त्यानंतर बाराशे वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये दहा सेंटांच्या चित्रकथा रचणाऱ्या तरुणांच्या कानांवर दंडीचे नाव गेले असण्याचा संभव नाही. पण त्यांनी हा दुसरा मार्ग इतक्या टोकापर्यंत नेला की आज बॅटमनइतकेच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, त्याचे वैरी लोकांना ठाऊक आहेत. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळ आठवून पाहा. त्याची कवटीची अंगठी आठवते, त्याचे सिंहासन आठवते. त्याच्या एका तरी शत्रूचे नाव चटकन ओठांवर येते काय?

बॅटमन १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात प्रथम अवतरला. चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर हे त्याचे जनक. सुपरमॅन त्याच्या आदल्याच वर्षी जन्मला होता, आणि आगगाडी अडवू शकणाऱ्या त्या पुरुषापुढे उभा करावयास तेवढ्याच तोलाचा वैरी कोठून आणावा, ही त्याच्या लेखकांची नित्याची अडचण होती. बॅटमनची गोष्ट निराळी. आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला हा श्रीमंत मुलगा. त्याच्यापाशी पैसा आहे, कसलेले शरीर आहे, तल्लख बुद्धी आहे, पण दैवी शक्ती म्हणून काही नाही. त्याचा वैरी माणूस असला तरी चालणार होते. तरीही पहिल्या वर्षात ते वैरी काही मोठेसे नव्हते. गुंड, माथेफिरू शास्त्रज्ञ, आणि गोष्ट संपता संपता यमसदनाला जाणारे. स्वतः बॅटमनही त्या काळी पिस्तूल बाळगी आणि प्रसंगी जीवही घेई.

१९४० च्या वसंत ऋतूत ‘बॅटमन’ या स्वतंत्र नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्यात जोकर आला. अमुक माणूस मध्यरात्री मरेल असे तो रेडिओवरून जाहीर करी, आणि पहारा असतानाही तो माणूस मरे. प्रेताच्या तोंडावर मात्र हसू गोठलेले असे. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून १९२८ साली निघालेल्या ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटात कॉन्राड फाइट या नटाने जे कायम हसणारे तोंड रंगविले होते, त्याच्या छायाचित्रावरून जोकरचा चेहरा घेतलेला. चेहरा प्रथम कोणाला सुचला यावरून केन, फिंगर आणि त्यांचा सहकारी जेरी रॉबिन्सन यांच्यात पुढे वाद झाले. त्यात आपण पडू नये. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या अंकाच्या शेवटच्या कथेत जोकर आपल्याच सुऱ्याने मरावयाचा होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ते मोडून काढले. एवढा चांगला खलनायक एका अंकात खर्ची घालणे त्यांना परवडणारे वाटले नाही. मग शेवटी एक चौकट घाईने जोडण्यात आली: हा माणूस अजून जिवंत आहे, असे डॉक्टर सांगतो. त्याच अंकातील दुसऱ्या एका कथेत बॅटमन आपल्या विमानातून यांत्रिक बंदूक चालवितो. तेही एल्सवर्थ यांना रुचले नाही, आणि तेथून पुढे नायकाने बंदूक वापरू नये व कोणाला ठार करू नये असा दंडक पडला.

दोन्ही निर्णय एकाच संपादकाचे, आणि दोन्ही शुद्ध व्यवहाराचे. पण ते एकत्र ठेवून पाहा. न मारणारा नायक आणि न मरणारा वैरी अशी ही जोडी आहे. रावण एकदा मारला गेला, की रामाचे वैर तेथेच निवते. बॅटमनचे वैर निवतच नाही. वैऱ्याला पकडावे, कोंडावे, आणि तो सुटला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. जोकरच्या अंगात बेताचे बळ आहे. त्याचे खरे बळ या परत येण्यात आहे. आणि तो परत येतो तो नायकाच्या व्रतामुळेच. नायकाचा सर्वांत मोठा सद्गुण हेच शत्रूचे हत्यार, असा हा पेच आहे.

यानंतर एकेक वैरी येत गेला. कॅटवूमन तर जोकरबरोबर त्याच अंकात आली होती. स्केअरक्रो आणि पेंग्विन १९४१ मधले, कोडी घालणारा रिडलर १९४८ चा. स्केअरक्रो भीतीचा उपयोग करतो, तसा बॅटमनही करतोच. नाही तर वटवाघळाचा वेष कशासाठी? या मंडळींत मला सर्वांत सरस वाटतो तो १९४२ चा टू-फेस, म्हणजे दुतोंड्या. हा मुळात सरकारी वकील. न्यायालयातच एका गुंडाने त्याच्या तोंडावर तेजाब फेकले आणि अर्धा चेहरा जळाला. त्या गुंडाच्या नाण्याला दोन्ही बाजूंना छापच होता. याने एका बाजूवर चरे ओढले आणि पुढचे प्रत्येक पाऊल नाणेफेकीवर सोपविले. चांगली बाजू वर आली तर लूट धर्मादायाला, वाईट आली तर स्वतःला. सज्जन माणूस एका अपघाताने कुठवर घसरतो हे दाखविणारा हा वैरी बॅटमनचा आरसाच आहे. अपघात दोघांनाही घडला. एकाने व्रत घेतले, दुसऱ्याने नाणे.

ही सारी पुंजी १९५४ साली जवळजवळ बुडाली. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथा मुलांना बिघडवितात असा ग्रंथ लिहिला, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे चित्रण नको, प्रत्येक वेळी सत्प्रवृत्तीचाच जय हवा, हे तिचे नियम. वर्थम यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरिबांसाठी दवाखाना चालविला होता, त्यांची कळकळ खोटी म्हणता येणार नाही. पण त्यांनी पुरावे वाकविले होते, हे कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली त्यांचीच कागदपत्रे चाळून दाखविले. परिणाम काय झाला? कॅटवूमन बारा वर्षे आणि टू-फेस सतरा वर्षे चित्रकथांतून नाहीसे झाले. जोकर उरला, पण खोड्या काढणारा विदूषक होऊन. बॅटमन परग्रहावरच्या चित्रविचित्र प्राण्यांशी झुंजू लागला. शत्रू बिनविषारी झाला की सद्गुणाला कस लागत नाही, आणि मुलांनाही ते कळते. खप उतरला आणि १९६४ साली संपादक बदलावा लागला. १९६६ ते १९६८ मधल्या दूरचित्रवाणी मालिकेने या पोरकटपणाचीच थट्टा करून लोकांना हसविले. तिच्यातही भाव खाऊन गेले ते वैरीच.

१९७३ साली लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी जोकरला पुन्हा खुनी केला. पुढल्याच वर्षी ओनील यांनी वैऱ्यांना कोंडण्यासाठी वेड्यांचे रुग्णालय निर्माण केले, ते अर्कम. ‘सुटतो कसा?’ या प्रश्नाला उत्तर मिळाले, पण मनोरुग्ण म्हणजे खुनी अशी एक वाईट समजूतही त्याबरोबर दृढ झाली, हे सांगितले पाहिजे.

त्यानंतर तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. १९८८ साली जोकरच्या तावडीत सापडलेला दुसरा रॉबिन जगावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनीने ठरवावे असे प्रकाशकांनी जाहीर केले. मरणाच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जगण्याच्या बाजूने ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी पोरगा गेला. तेव्हापासून वैऱ्याचे बळ प्रेतांच्या संख्येवर मोजण्याची खोड लागली. १९९३ मध्ये बेनने बॅटमनची पाठ मोडली, ते प्रकरण फार गाजले. पण पाठ काय, पुढे बरी होते. शेकडो माणसे मारणाऱ्या जोकरला बॅटमन जिवंत सोडतो तेव्हा आता व्रत थोर वाटण्याऐवजी हट्टी वाटू लागते, आणि त्याला वैरी जबाबदार नाही, लेखकांचा हव्यास जबाबदार आहे.

बळ वाढविण्याची दुसरी रीत पाहावयाची असेल तर मिस्टर फ्रीझ पाहावा. १९५९ साली मिस्टर झीरो या नावाने तो आला तेव्हा बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरणारा एक सामान्य चोर होता. १९९२ साली पॉल डिनी यांनी दूरचित्रवाणीच्या चलच्चित्र मालिकेसाठी त्याला अवघ्या बावीस-तेवीस मिनिटांची एक कथा दिली. असाध्य आजार झालेली बायको, तिला वाचविण्यासाठी गोठवून ठेवणारा शास्त्रज्ञ नवरा, आणि खर्च नको म्हणून तो प्रयोग मोडून काढणारा कारखानदार. फ्रीझ सूड घ्यावयास निघतो, बॅटमन त्याला अडवितो, आणि त्या कारखानदाराचे कृत्यही जगापुढे आणतो. शेवटी फ्रीझ थंडगार कोठडीत एकटा बसलेला असतो. समोर काचेच्या गोळ्यात नाचणारी एक बाहुली आहे, आणि तो बायकोची क्षमा मागत आहे.