कातारी आणि त्याचा जोडीदार

भिलाईस बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थाला येथील रेल मिल एकदा तरी पाहावयास मिळते. लालबुंद तापलेले पोलाद रोलांच्या जोड्यांमधून पुढे-मागे धावत असते. प्रत्येक फेरीत त्याचे अंग आवळत जाते, आणि अखेरीस आगगाडीचा लांबच लांब रूळ बाहेर पडतो. पाहणाऱ्याचे डोळे त्या तप्त पोलादावर खिळून राहतात. रोलांकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक रुळाचा आकार आधी त्या रोलांच्या अंगावर खाचांच्या रूपाने कोरलेला असतो, आणि त्या खाचा लेथवर पाडणारा कामगार म्हणजे टर्नर होय. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या टर्नरला मराठीत जे नाव दिले आहे ते नव्याने घडविलेले नाही. ते आपल्या आळीतले जुने नाव आहे : कातारी.

आपल्या आजीच्या हातातले लाटणे ज्याने घडविले तो कातारीच, आणि पोलाद लाटणाऱ्या रोलांना आकार देतो तोही कातारीच. पहिल्याची जात पिढ्यान् पिढ्या ठरलेली होती, दुसऱ्याची भरती परीक्षा घेऊन होते; परंतु फिरत्या वस्तूवर स्थिर हत्यार धरून तिला गोलाई आणावयाची, हे दोघांच्या कामाचे मर्म एकच आहे. या नात्याचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे. तो केवळ जुन्या आठवणींसाठी नव्हे, तर त्यात आपणांस आज उपयोगी पडेल असे काही आहे म्हणून.

प्रथम शब्दच पाहू. मराठीत सूतही कातावयाचे आणि लाकूडही कातावयाचे. संस्कृतात 'कृत्' असे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा वेढे देणे, पिळणे. मराठी जिभेने दोन्हींचे 'कातणे' करून टाकले, आणि तसे करताना नकळत मोठे औचित्य साधले. कारण चातीवर सूत धरणारा आणि यंत्रावर लाकूड धरणारा हे दोघेही फिरकीचेच उपासक. यंत्रावरून उतरलेल्या गुळगुळीत वस्तूला आपण 'कातीव' म्हणू लागलो, आणि पुढे तो शब्द रेखीव शरीराला व नेटक्या वाक्यालाही लावला. ज्या धंद्याची विशेषणे भाषेत अशी घर करून राहतात, तो धंदा एके काळी घराघरांत पोहोचलेला असला पाहिजे. पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, देवघराचे खांब, चौरंगाचे खूर, ताकाची रवी, पोळपाट-लाटणे, सोंगट्या, बुद्धिबळाची प्यादी, खुळखुळा आणि भोवरा. जन्मापासून म्हातारपणापर्यंत मनुष्याचा हात कातीव लाकडावरून फिरत असे.

आता ते जुने यंत्र कसे होते ते पाहू. जमिनीलगत दोन खुंट, त्यांच्यामध्ये दोन अणकुचीदार टोकांवर आडवे धरलेले लाकूड, आणि त्या लाकडाला वेढा दिलेली दोरी. दोरी ओढली की लाकूड फिरे, सोडली की उलट फिरे. लहानसहान कामासाठी कारागीर एका हाताने कमान चालवी आणि दुसऱ्या हाताने व पायाच्या अंगठ्याने पटाशी सावरी. परंतु काम जरा मोठे असले की त्याला जोडीदार लागे. समोर बसून दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढावयाची, एवढेच त्याचे काम. बहुधा तो घरातलाच मुलगा असे, क्वचित भाऊ किंवा पत्नी.

हा जोडीदार वरवर पाहता निव्वळ मजूर. परंतु मला वाटते की या विद्येचे सारे रहस्य त्याच्यातच होते. दोरी ओढणारा मुलगा दिवसभर दुसरे काय करणार? तो समोरच्या हाताकडे पाहत राही. पटाशी कोणत्या कोनात धरली म्हणजे लाकूड सोलले जाते आणि कोणत्या कोनात ती अडकते. कोणत्या क्षणी बापाची मान पुढे झुकते. लाकडाचा आवाज केव्हा बदलतो. हे त्याला कोणी शिकवीत नसे, पण चार-पाच वर्षांत ते त्याच्या अंगात भिनत असे. मग एके दिवशी बापाचा हात थके, आणि जागा बदलत. शाळा नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. दोरीच्या दोन टोकांना दोन पिढ्या बसलेल्या, एवढीच ती पाठशाळा.

या कामाचा दुसरा अर्धा भाग रंगाचा, आणि तेथे आपण सध्या राहतो त्या मुलुखाचा संबंध येतो. लाकूड घासून गुळगुळीत झाले की कारागीर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाने ऊब निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडाच्या अंगावर पसरते. मग केवड्याच्या किंवा ताडाच्या सुक्या पानाने तीच लाख घोटून तिला आरशासारखी झळाळी आणावयाची. येथे ब्रश नाही आणि तेलाचा वासही नाही. रंग लावण्याचे काम फिरकीच करते. ही लाख एका अतिसूक्ष्म कीटकाने झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर बांधलेले घर आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, आणि लाक्षागृहाची कथा तर सर्वांस ठाऊकच आहे. छत्तीसगड हा झारखंडाच्या जोडीने लाखेच्या उत्पादनात अग्रभागी असलेला प्रदेश. पळस व बोर यांवर वाढणारी 'रंगीनी' आणि कुसुमाच्या झाडावर वाढणारी, फिकट रंगाची व अधिक मोलाची 'कुसमी', असे तिचे दोन वाण आहेत. वर्षातून दोन-दोन पिके निघतात, आणि येथील शेतकरी त्यांना कतकी, बैसाखी, अगहनी, जेठवी अशा महिन्यांच्या नावांनी ओळखतो. लाखेचा शास्त्रीय अभ्यास करणारी संस्था रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून आहे. कोकणातल्या पाळण्यावर जी लाल-पिवळी झळाळी आपण बालपणी पाहिली, तिचे मूळ असल्याच एखाद्या रानात असले पाहिजे.

कोकणाचे नाव निघाले की कातकामाच्या इतिहासात सावंतवाडी आलीच. मोती तलावाच्या या गावात चितारी मंडळींची आळी आहे. लाकूड कातणे, त्यावर लाख चढविणे आणि चित्रे काढणे ही तिन्ही कामे या समाजाने सांभाळली. गंजिफांचा खेळ तेलंगणातून आलेल्या पंडितांमुळे तिसरे खेम सावंत यांच्या दरबारात पोहोचला आणि चिताऱ्यांनी ती पाने रंगविण्याची कला उचलली, असे परंपरा सांगते. खेम सावंतांची कारकीर्द १७५५ ते १८०३. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खरी वाटणारी फळे, आंब्याच्या लाकडाचे पाट व पाळणे, ठकी बाहुली आणि भातुकलीचा सरंजाम हे सारे याच आळीतून महाराष्ट्रभर गेले. गोव्यात कुंकळ्ळीस चिताऱ्यांचे असेच काम चालत आले आहे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनीस दुधी लाकडाची, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याची, लाखेने रंगविलेली खेळणी होतात.

परंतु गेल्या शतकाच्या मध्याला या साऱ्यावर अवकळा आली. प्रथम विदेशी पत्र्याची खेळणी आली, पाठोपाठ सेल्युलॉइड आणि मग प्लॅस्टिक. संस्थाने विलीन झाली, तेव्हा दरबारी गिऱ्हाईकही गेले. सावंतवाडीस गंजिफा रंगविणारे हात इतके कमी झाले, की शेवटी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरावर सारी मदार येऊन ठेपली. अशा वेळी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी केवळ अनुदान दिले नाही किंवा वस्तू विकत घेऊन कपाटात ठेवल्या नाहीत. सत्त्वशीलादेवी स्वतः त्या वृद्धाजवळ शिकावयास बसल्या. पुढे १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था उभी राहिली, आणि राजवाड्याच्या दरबार दालनात गादीच्या जागी कारागिरांच्या बैठका मांडल्या गेल्या. २०१८ साली सत्त्वशीलादेवी निवर्तल्या. परंतु त्यांच्यामागे शिकलेले हात राहिले. दोरीचे सुटलेले दुसरे टोक कोणीतरी उचलले, म्हणून ही कला वाचली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्लॅस्टिकने कातारीचे गिऱ्हाईक नेले हे खरे; परंतु विजेच्या मोटारीने त्याचा जोडीदार नेला, हे आपल्या ध्यानात येत नाही. मोटारीला मी दोष देत नाही. दिवसभर दोरी ओढणाऱ्या मुलाची सुटका झाली, तो शाळेत गेला, हे उत्तमच झाले. पण समोर बसून पाहणारे डोळेही त्याच्याबरोबर गेले. कारागीर एकटा पडला. एकट्याचे कौशल्य कितीही मोठे असले तरी त्याला आयुष्याची मर्यादा असते.

हाच प्रश्न पाश्चात्त्य देशांतही उद्भवला, आणि त्यांनी काढलेला तोड पाहण्याजोगा आहे. लंडनच्या कातारी मंडळींच्या संघाला पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली सनद दिली. त्या काळी वर्षानुवर्षांची उमेदवारी केल्याशिवाय कोणी कारागीर होत नसे. पुढे कारखान्यांनी तो धंदा मोडला. तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लोक पुढे आले. अमेरिकेत १९८६ साली आणि ब्रिटनमध्ये १९८७ साली लाकूड कातणाऱ्यांच्या देशव्यापी संघटना स्थापन झाल्या. अमेरिकेतील संघटनेच्या गावोगावच्या शाखाच तीनशेंहून अधिक आहेत. या मंडळांचे काम साधे असते. महिन्यातून एकदा सायंकाळी जमावयाचे. एखाद्या जाणत्याने यंत्रावर वाडगा किंवा डबी कातून दाखवावयाची, इतरांनी पाहावयाचे. एका मेजावर प्रत्येकाने आपली नवी वस्तू मांडावयाची, मग ती चांगली साधलेली असो वा तडकलेली, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावयाचे. नवख्याला प्रथम पटाशीला धार कशी लावावी, ती टेकणीवर आधी कशी टेकवावी आणि मगच लाकडाला कशी भिडवावी हे शिकवावयाचे. कारण अडकलेले हत्यार क्षणात हात फोडते. डोळ्यांवर ढाल आणि नाकावर फडके का असावे, हेही तेथेच कळते.

या सायंकाळींचा लाभ काय? पहिला लाभ ज्ञानाचा. ओले लाकूड एकदम पूर्ण कातले तर वाळताना वाकते. म्हणून प्रथम जाड वाडगा कातून ठेवावा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी राखावी, काही महिने वाळू द्यावा आणि मग अखेरचा हात फिरवावा. हे दोन ओळींत लिहिता येते, पण ते समजते दुसऱ्याचा फुटलेला वाडगा हातात घेतल्यावर. दुसरा लाभ काटकसरीचा. पडलेल्या झाडाचे लाकूड वाटून घेता येते, महाग हत्यार एकाने घेतले तरी दहांना वापरता येते. तिसरा लाभ सेवानिवृत्तांचा. ज्याचे हात चाळीस वर्षे कामात होते त्याला रिकामपणाइतके दुसरे काही जड वाटत नाही; येथे त्याला पुन्हा कोणीतरी विचारावयास येते. अमेरिकेतील सभासद आजारी मुलांसाठी लहान डब्या कातून रुग्णालयांना देतात. आपल्या छंदाचा कोणाला तरी उपयोग व्हावा ही त्यामागची भावना. मात्र या साऱ्यांहून मोठा लाभ माझ्या मते एकच : कातारीला त्याचा जोडीदार परत मिळाला. दोरी ओढावयास नव्हे, पाहावयास.

आता भिलाईकडे वळू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला तेव्हा हा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि १९६० साली रेल मिल. तेव्हापासून लेथवर हात बसलेल्यांच्या कितीतरी तुकड्या येथून निवृत्त झाल्या. धातू कातणाऱ्याला लाकूड कातणे परके नाही; फक्त हत्यार यंत्राच्या पकडीतून स्वतःच्या मुठीत घ्यावे लागते. साग, शिसव, शिवण आणि आंबा यांचे लाकूड या प्रदेशात आहे, लाख तर घरचीच. आणि भोवरा? त्याला येथील मुले 'भौंरा' म्हणतात. २०२२ साली छत्तीसगड शासनाने भरविलेल्या देशी खेळांच्या स्पर्धांत त्याला मानाचे स्थान मिळाले होते.

आपण बदलीची माणसे. तीन वर्षे येथे, पाच वर्षे तेथे. नव्या गावी गेलो की मंडळाची गणेशोत्सवाची वर्गणी भरतो, दिवाळी अंक वाचतो, आणि आपली संस्कृती जपल्याचे समाधान मानतो. त्यात गैर काही नाही. परंतु संस्कृती कानांनी आणि डोळ्यांनी जशी जपली जाते तशी ती हातांनीही जपली जाते, याचा आपणा लेखणीवाल्यांस विसर पडतो. मंडळाच्या एखाद्या खोलीत एक लहानसे यंत्र, चार पटाश्या, एक निवृत्त कातारी आणि भोवती पाच-सहा मुले, मराठी आणि छत्तीसगढी दोन्ही, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. पहिला भोवरा वाकडा होईल आणि नीट फिरणार नाही. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. तो वाकडा का झाला हे सांगणारा म्हातारा समोर बसलेला आहे, तोवरच हे काम व्हावयाचे आहे.