अंड्यांआधीचा हिवाळा

  नवतपात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात थंड पाण्यातल्या न्यूट या उभयचराबद्दल कशाला वाचायचे, असे कोणी विचारील. पण ऋतूची खूण मिळाल्याशिवाय अंडी नाहीत, ही गोष्ट या शेपटीवाल्या प्राण्यात फार स्वच्छ दिसते.

युरोपातले न्यूट बाराही महिने सारख्याच उबदार पाण्यात ठेवले, तर खातात, जाड होतात आणि पुष्कळदा वीणच टाळतात. म्हणून जाणते पाळणारे त्यांना हिवाळा देतात. शरदात पाणी हळूहळू ५ ते १० अंशांपर्यंत उतरवायचे, उजेडाचे तास आणि खाणे कमी करायचे, साधारण दोन महिने तसेच राहू द्यायचे. मग तितक्याच सावकाश ऊब आणि उजेड वाढवायचा. घाई इथे घातक. नराची शेपटी रुंदावते, काही जातींत पाठीवर तुरा उभा राहतो. बहुतेक जातींत तो मादीला पकडत नाही. शेपूट हलवून तिच्याकडे गंध पाठवतो. जपानी न्यूटच्या नराचा असा गंधरेणू, सोडेफ्रिन, १९९५ मध्ये ओळखला गेला. नर शुक्राणूंची पुडी तळाशी ठेवतो, मादी ती अवस्करातून आत घेते. पुढे कित्येक आठवडे ती एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानावर चिकटवते आणि मागच्या पायांनी पान दुमडून झाकते. मला यापेक्षा देखणे मातृकर्म ठाऊक नाही.

भ्रूणशास्त्रही या वेळापत्रकाला बांधलेले होते. हान्स स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेला, भ्रूणाच्या घडणीला दिशा देणारा भाग दाखवणारा प्रयोग न्यूटच्या भ्रूणांवरचा. आणि असे भ्रूण मिळायचे ते वसंतातच. त्या शोधासाठी स्पेमान यांना १९३५ चे नोबेल मिळाले.

भारतात या कुळातले सॅलॅमँडर दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरांत आढळतात. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, ते पाळायचे नसतात. आपल्याकडे हिवाळ्याची जागा पावसाने घेतली आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर मोठ्या बेडकाचा नर एकाएकी पिवळाधमक होतो, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवतो आणि उथळ डबक्यात वीण उरकतो. रोहू-कटल्यांनाही पूर हवा असतो. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी सोडत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पियूषग्रंथीचा अर्क टोचून माशांची ही अट ओलांडली. पाऊस असो वा गारवा, शरीरात निरोप अखेर याच ग्रंथीतून पुढे जातो.

तेव्हा सुरुवातीला काचेची टाकी नको, वही घ्या. जूनमध्ये गावाजवळचे एक डबके निवडा. पाण्याचे तापमान, पडलेला पाऊस, पहिल्या डरावाची रात्र आणि अंडी दिसल्याचा दिवस लिहून ठेवा. बेडूक मात्र हाताळू नका. अशा दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी जवळ असल्या, की पुढची प्रकरणे वाचताना प्रश्न तुमचे स्वतःचे असतील.