लेगालचा सापळा आणि मॉर्फीचा पाया

आज आपण १८व्या शतकातल्या पॅरिसला जाऊ. काफे द ला रेजांस नावाच्या कॉफीगृहात बुद्धिबळाचे पट मांडलेले असत आणि लेगाल हा तिथला मातब्बर खेळाडू. त्याच्या नावावरचा एक छोटा डाव आजही मुलांना शिकवतात.

पट डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्याच्या घोड्यावर काळ्या उंटाची नजर आहे. घोडा हलला की मागचा वजीर जाणार. लेगाल तोच घोडा उचलतो आणि मधलं प्यादं मारतो. समोरचा हरखून वजीर घेतो. पुढच्या दोन खेळ्यांत एक उंट आणि दोन घोडे मिळून काळ्या राजावर मात! सात खेळ्यांत डाव खलास.

पण जरा थांबा. हा डाव सहसा ज्या क्रमाने छापतात, त्यात काळ्याचा एक घोडा आधीच बाहेर आलेला आहे. वजिराचा मोह टाळून त्याने लेगालचा घोडा मारला असता, तर लेगालच्या हाती घोड्याच्या बदल्यात एक प्यादं उरलं असतं. म्हणजे सापळा चालला तो समोरच्याच्या हावेवर.

तो काळा घोडा अजून घरीच असेल, तर मात्र हीच खेळी पक्की ठरते. समोरच्याने वजीर नाही घेतला, तरी एक प्यादं पदरात पडतंच. सापळा तोच, फरक पडला तो कोणाचे मोहरे बाहेर आले आहेत याने.

लेगालचा शिष्य फिलिदोर याने १७४९ साली पुस्तक लिहिलं. त्यात खेळीमागचं कारण समजावलं आणि प्याद्यांच्या रचनेला मानाचं स्थान दिलं. पुढे १८५८ साली पॅरिसच्याच ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी एका ड्यूक आणि एका काउंटच्या जोडीविरुद्ध खेळला. त्याने भराभर मोहरे बाहेर काढले, राजा सुरक्षित केला, सोळाव्या खेळीला वजीर दिला आणि सतराव्या खेळीला मात केली. तेव्हा काळ्या राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती जागचे हललेही नव्हते!

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनो, मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, राजाला आडोसा द्या. सापळे जरूर शिका, निदान ओळखता येतील. पण लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: समोरच्याने बरोबर उत्तर दिलं, तर माझा डाव उभा राहील का?