अंतर मोजायचं कुणी?

मुंबई इलाख्यात जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत पहिल्यांदा रुजली ती इंदापूर तालुक्यात. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी कागदावर मोठी बारकाईची होती. उत्पन्न, खर्च, निव्वळ नफा, सगळ्याचा हिशेब तिच्यात मांडलेला होता. पण आकडे चुकीचे होते, हाताखालच्या अंमलदारांनी मनमानी केली होती आणि सारा रयतेच्या अंगावर आला. लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी बांधावर जाऊन पुन्हा मोजणी केली आणि १८३६ पासून इथे नवा, हलका सारा लागू झाला. शाळांच्या इतिहासाची सुरुवात या जुन्या प्रकरणापासून करावीशी वाटते, कारण कुठल्या वस्तीतल्या मुलाने कुठल्या शाळेत जायचं, हा प्रश्न बारामती-इंदापुरात पुन्हा पुन्हा उठला आहे आणि दर वेळी खरा वाद मोजणीचाच होता. पालकांचा आक्षेप ऐकला की कार्यालयात ‘भावनिक विरोध’ असा शेरा मारायची सवय आहे. माझं म्हणणं असं, की हा विरोध भावनेपेक्षा माहितीतून येतो. वाट कशी आहे ते पालकाला ठाऊक असतं, आणि तेवढंच फाइलमध्ये नसतं.

या दोन तालुक्यांत माणसं कुठे राहतात हे पाण्याने ठरवलं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि दुष्काळी पट्ट्यात बागायत आली. सासवडकडचे माळी शेतकरी उसाच्या मागे इथे आले. ऊस म्हणजे बारा-चौदा महिन्यांचं पीक आणि रात्री-अपरात्रीची पाणीपाळी, त्यामुळे शेतकरी गावठाण सोडून शेतात घर बांधू लागला. दोन घरांची चार झाली, चारांची आडनावाने ओळखली जाणारी वस्ती झाली. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले आणि गाव आणखी पसरलं. उत्तरेला सुप्याच्या बाजूचा जिराईत पट्टा अगदी वेगळा. तिथे पाण्याची वानवा, मेंढरांमागे वर्षातले कित्येक महिने घराबाहेर राहणारी धनगर कुटुंबं, आणि विरळ वाड्या. इंदापूरच्या भीमाकाठी तर उजनीचं पाणी १९८० च्या सुमारास चढलं आणि पळसदेवसारखी गावंच्या गावं उठून वर आली. गावाबरोबर शाळाही हलली. दोनच तालुक्यांत अशा तऱ्हा नांदत असताना ‘गाव तिथे शाळा’ हे सूत्र इथे कधीच पुरेसं नव्हतं, कारण गाव एका जागी नव्हतंच.

शाळेसाठी पैसा मात्र याच लोकांनी दिला होता. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा गावशाळांसाठी ठेवला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं: महसूल कुणब्याच्या घामाचा, विद्या मात्र दुसऱ्यांच्या घरी. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली आणि शाळा गावठाणातून वाड्यांकडे सरकू लागल्या. तरी शेतातल्या वस्त्या उरल्याच. २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळा योजना आणली तेव्हा कुठे सरकार या वस्त्यांच्या दारात पोचलं. कुणाच्या पडवीत, कुठे देवळात वर्ग भरले, गावातलीच शिकलेली मुलं-मुली तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक झाली. शिक्षणहक्क कायद्यानंतर या शाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. फुल्यांच्या मागणीपासून इथवर यायला सव्वाशे वर्षं लागली, हे विसरून आजचा वाद समजणार नाही.

कारण त्याच कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं अंतर बांधून दिलं, आणि काही वर्षांतच उलटी मोजणी सुरू झाली. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळांचा विषय निघाला. त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात म्हणून जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले गेले आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्याच पानशेतचं नाव पुढे आलं. पण पानशेतच्या डोंगरातला उपाय नीरेच्या बागायतीत तसाच लागू पडेल, हे कुणी तपासलं?

इथली वाट नीट पाहावी. पाटस ते बारामती, काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा रस्ता आता चौपदरी महामार्ग झाला आहे. रस्ता मोठा झाला, गावं जवळ आली हे मोठ्यांसाठी खरं. पहिलीतल्या पोराला मात्र समोरच्या कडेची शाळा लांब गेली, कारण मध्ये दुभाजक आला आणि ओलांडायची जागा वळसा घालून शोधावी लागते. कालव्याचंही तसंच. नकाशावर पाचशे मीटर दिसणारी शाळा पलीकडच्या काठावर असेल तर पूल जिथे असेल तिथून जायचं, आणि भरल्या कालव्याला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या ऐन शाळेच्या वेळी रस्त्यावर असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस उभा, आणि त्यातून आपल्या मुलीला एकटीला पाठवायला आई कचरते. तिच्यावर भित्रेपणाचा शिक्का मारायला मी तयार नाही. सरकारी अंतर मात्र बहुधा सरळ रेषेत मोजतात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात पालकाला गूगलच्या नकाशावर घराच्या जागी फुगा नेऊन ठेवावा लागतो. तो जरा इकडेतिकडे झाला की मूल एक किलोमीटरच्या आतलं की बाहेरचं ते बदलतं.

यावर जो आक्षेप येतो तो वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. आठ-दहा मुलांच्या शाळेत एक-दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र शिकवतात, त्यांतला एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की शिकवणं थांबतं. मुलांना खेळायला जोडीदार नाहीत, प्रयोगाला साहित्य नाही. शिवाय पालक स्वतःच पिवळ्या बसमधून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत मुलं पाठवतात, तेव्हा त्यांना अंतर कसं टोचत नाही? या प्रश्नाचं उत्तर पटातच आहे. बसची फी भरू शकणारे केव्हाच निघून गेले. वस्तीवरच्या शाळेत उरली ती शेतमजुरांची, सालगड्यांची, मेंढपाळांची आणि हंगामात येणाऱ्या ऊसतोड्यांची मुलं. पूर्वी कारखान्यावर त्यांच्यासाठी साखरशाळा भरत. पुढे त्यांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं. आता ती ‘जवळची’ शाळाच लांब नेली तर पहाटे फडावर जाणाऱ्या आईबापांनी मुलाला तिथवर पोचवायचं कसं? वाहतूक भत्ता देऊ असं सांगितलं जातं. पण भत्ता म्हणजे गाडी नव्हे. फाट्यावर थांबणारी, पावसात चिखलाच्या वाटेवर आत येणारी, वर्षभर न चुकता धावणारी गाडी आधी दाखवावी आणि मग शाळेचं कुलूप काढायचं की लावायचं ते बोलावं. एकशिक्षकी शाळेचं दुखणं खरं आहे, पण त्यावर दुसरा शिक्षक हाही उपाय आहे. काटकसरीच्या हिशेबात तो बसत नाही म्हणून तो उपायच नाही, असं होत नाही.

पट घसरून दोन-तीनवर आला तर ती शाळा तशीच चालवावी, असा हट्ट मीही धरणार नाही. जिथे पालक स्वतः पुढच्या मोठ्या शाळेची मागणी करतात तिथे अडवायचं कारण नाही. मात्र निर्णय कुणी आणि कशाच्या आधारे घ्यायचा, हे ठरलेलं असावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, ही तरतूद कायद्यातच आहे. शाळा एकत्र करण्याच्या, म्हणजे समायोजनाच्या, प्रस्तावाला या समितीचा लेखी ठराव जोडलेला असावा आणि तो बैठकीच्या आदल्या रात्री सह्या गोळा करून केलेला नसावा. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जानेवारीत, गाळप जोरात असताना, सकाळी शाळेच्या वेळी त्या वस्तीवरून नव्या शाळेपर्यंत मुलांसोबत चालत जावं, आणि पुन्हा एकदा जुलैत. कालवा कुठे ओलांडला, महामार्ग कुठे, किती वेळ लागला, हे पंचनाम्यासारखं लिहून प्रस्तावाला जोडावं, आणि ते वाचल्याशिवाय जिल्हा परिषदेने त्यावर सही करू नये.