आधीं भाषा, मग सृष्टि

१९३१ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस ऑक्सफर्ड येथील पेम्ब्रोक कॉलेजांत एका प्राध्यापकांनीं एक निबंध वाचला. प्राध्यापकांचें नांव जे. आर. आर. टोल्किन, आणि निबंधाचा विषय नव्या भाषा रचण्याचा छंद. या छंदाला त्यांनीं ‘गुप्त व्यसन’ म्हटलें होतें. निबंधांत एका सैनिकाची आठवण आहे. महायुद्धाच्या काळीं लष्करी शिक्षणाचें कंटाळवाणें व्याख्यान चालू असतां हा गृहस्थ मध्येंच उद्गारला कीं, द्वितीया विभक्ति आपण उपसर्ग लावून दाखवूं! मनांतल्या मनांत तो एक व्याकरण रचीत होता. संकेतार्थाचें एखादें सुंदर रूप ठरवीत असतांनाच बहुधा त्याच्या चिंधड्या उडाल्या असाव्या, असा टोल्किन यांचा तर्क होता.

टोल्किन यांची वाटही त्याच रणांगणावरून गेलेली होती. त्यांचा जन्म १८९२ सालीं, आजच्या दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. वडील बालपणींच वारले. लॅटिनचे पहिले धडे देणारी आई १९०४ सालीं गेली. १९१६ सालीं ते सोमच्या लढाईंत होते. त्याच वर्षीं त्यांचे दोन जिवलग शाळासोबती युद्धांत मरण पावले. खंदकांतील तापानें आजारी पडून मायदेशीं परतल्यावर त्यांनीं आपल्या भाषांसाठीं कथा लिहावयास घेतल्या.

येथें क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. सामान्य कादंबरीकार आधीं कथा रचतो व मग पात्रांना नांवें देतो. टोल्किन यांनीं आधीं भाषा रचली, आणि ती बोलणाऱ्यांना राहावयास जग हवें म्हणून कथा रचल्या. फिनलंडच्या भाषेच्या नादमाधुर्यावरून त्यांना ‘क्वेन्या’ सुचली, वेल्श भाषेच्या वळणावरून ‘सिंदारिन’. या दोघी एकाच मूळ भाषेच्या लेकी कल्पून, ध्वनि कसकसे पालटले याचे नियमही त्यांनीं बांधले. संस्कृत ‘हस्त’ शब्दाचा प्राकृतांत ‘हत्थ’ व मराठींत ‘हात’ झाला, तशीच ही नियमबद्ध वाटचाल आहे.

कालगणनेंतही हीच शिस्त दिसते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ग्रंथ १९५४-५५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या परिशिष्टांत ‘शायर’ नामक प्रांताचें पंचांग दिलें आहे. बाराही महिने तीस दिवसांचे आहेत. उरलेले पांच दिवस कोणत्याच महिन्यांत मोडत नाहींत: एक वर्षाच्या अखेरीस, एक आरंभीं व तीन ऐन उन्हाळ्यांत. पारशी पंचांगांतील बारा महिने व पांच गाथादिन ज्यांस परिचित आहेत, त्यांस ही मांडणी परकी वाटणार नाहीं. शिवाय वर्षाच्या मध्यावरील दिवसाला वारच नाहीं. त्यामुळें बाकीच्या ३६४ दिवसांचे बरोबर ५२ आठवडे होतात, आणि प्रत्येक तारखेस दरवर्षीं तोच वार येतो. महिन्यांचीं बहुतेक नांवें आठव्या शतकांतील बीड या साधूनें नोंदून ठेविलेल्या प्राचीन इंग्रज नांवांवरून घेतलेलीं आहेत. जें नवें म्हणून दिसतें, तें पुष्कळदां विसरलेलें जुनेंच असतें.

जिला दंतकथा नाहींत ती भाषा निर्जीव, असें टोल्किन यांचें मत होतें. त्यांच्या भाषांना मिळालेली सर्वांत हृद्य कथा बेरेन व ल्यूथिएन यांची. ल्यूथिएन ही अमर कुळांतील राजकन्या. मर्त्य बेरेनवरील प्रेमास्तव ती अमरत्वाचा त्याग करते. १९१७ सालीं यॉर्कशायरमधील एका वनांत टोल्किन यांची पत्नी एडिथ त्यांच्यापुढें नाचली होती, त्या क्षणांतून ही कथा उगवली.

१९७१ सालीं एडिथ निवर्तल्या. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमींतील शिळेवर पतीनें त्यांच्या नांवाखालीं ‘ल्यूथिएन’ हें नांव कोरविलें. १९७३ सालीं टोल्किन यांना तेथेंच पुरण्यांत आलें, व त्यांच्या नांवाखालीं ‘बेरेन’ असें कोरलें गेलें. कोणत्याही देशाची मातृभाषा नसलेल्या वाणींतील तीं दोन नांवें आज खऱ्या दगडावर आहेत. आणि तेथें येणाऱ्याला त्यांचा अर्थ कळतो.