गाव नसलेल्यांचे गिरणगाव

गेल्या काही वर्षांत गिरणगावाच्या आठवणींना बरे दिवस आले आहेत. पहाटेचा भोंगा, खानावळीतली पंगत, लालबागचा गणपती, कामगार रंगभूमीवरील नाटके, गल्लीतल्या कबड्डीच्या लढती, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा असलेला व्याजवाला पठाण, हे सारे पुन्हा पुन्हा लिहिले जाते, पडद्यावर दाखविले जाते. ते वाचताना आणि पाहताना माझाही गळा दाटून येतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत जन्मलो, तिथेच वाढलो. आज कल्याणपलीकडे राहतो. कधी कामानिमित्त लोअर परळला उतरलो की पाय आपोआप जुन्या वाटेला लागतात आणि कुठल्यातरी काचेच्या भिंतीपाशी येऊन थबकतात. तेव्हा स्मरणरंजनाची टिंगल करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या गिरणगावासाठी आपण हळहळतो ते कुणाचे होते, आणि त्यात आपली माणसे नेमकी कुठे उभी होती, याची नोंद त्या हळहळीत होते काय?

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. ताडदेवला ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे येत गेली. या कामगाराचा एक पाय सदैव गावात असे. बायकामुले गावी, शेताचा तुकडा गावी, शिमगा गावी. मुंबईत एकेका गावाची खोली असे. पाळीपाळीने झोपायचे, वर्गणी काढायची, गावच्या देवळाला पैसे पाठवायचे. गिरणगावातला पहिला गृहविरह हा असा गावाकडे तोंड करून होता. अण्णा भाऊ साठे यांची मुंबईतल्या कामगाराच्या विरहाची छक्कड आजही लोकांना पाठ असते. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या, म्हणजे गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या शाहिराने साऱ्या कामगारांची गावची ओढ शब्दांत बांधावी, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते.

कारण आमच्या घरात ही ओढ नव्हती. माझे आजोबा महाड तालुक्यातून आले. गावाच्या खोलीत त्यांना जागा नव्हती. गावात घर नव्हते, महारवाड्यात होते. गाव म्हणजे वतन, वतन म्हणजे सांगावा पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे आणि त्याबद्दल मिळणाऱ्या भाकरीसाठी दारोदार उभे राहणे. हे वतन कायद्याने गेले ते १९५९ साली. आजोबांना आपल्या माणसांची आठवण येई, पण गावाची येत नसे. गावचा विषय निघाला की ते म्हणत, "तिथं काय ठेवलंय?" इतर कामगारांना मुंबई हे पोट भरण्याचे ठिकाण होते आणि गाव हे घर. आमच्या लोकांना मुंबई हेच पहिले घर वाटले. इथे नळ होता, रात्रशाळा होती. परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत खुद्द बाबासाहेब राहत होते. परळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी सभा भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. म्हणून गिरणगाव मोडले तेव्हा इतरांचे रोजगाराचे ठिकाण मोडले, आमचे गावच मोडले. आमची हळहळ कमी नाही, कदाचित अधिकच आहे, असे मला म्हणायचे आहे.

परंतु या घरातही एक खोली आमच्यासाठी बंद होती. ती म्हणजे साचेखाते.

ज्या वाचकांनी गिरणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. कापसाच्या गाठी ब्लो रूममध्ये फोडल्या जात. तिथून कापूस कार्डिंगमध्ये, मग रिंगखात्यात. रिंगखात्यात सूत निघे आणि ते शेवटी साच्यावर, म्हणजे मागावर जाई. साच्यावर आडवे सूत धोट्यातून फिरते. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला धोटा काढतो, नवी कांडी घालतो आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर घेतो. हे टोक हाताने सहज येत नसे. धोट्याला तोंड लावून, श्वास आत ओढून ते बाहेर काढावे लागे. दिवसातून कितीतरी वेळा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. इंग्लंड-अमेरिकेतही हीच रीत होती आणि तिथे डॉक्टरांनी तिला हरकत घेतली ती रोगाच्या भीतीने. आमच्याकडे रोगाची भीती कुणाला वाटली नाही. महाराच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, ही भीती मात्र सर्वांना वाटली. म्हणून अस्पृश्य कामगार रिंगखात्यात चालत होता, ब्लो रूमची धूळ खायला चालत होता, साचेखात्यात चालत नव्हता. आणि मजुरी बरी मिळायची ती साचेखात्यात.

मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकन इतिहासकाराने आपल्या १९६५ च्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांत जातीचा अडसर फारसा आड आला नाही, विणकाम हा तेवढा अपवाद, अशा आशयाचे मत मांडले आहे. अपवाद हा शब्द विद्वानांना मोठा सोयीचा असतो. गिरणीत जे कसबाचे आणि चांगल्या पैशाचे काम तेच जर बंद, तर बाकीच्या समतेला काय चाटायचे?

ही गोष्ट प्रथम ऐरणीवर आली १९२८ च्या संपात. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा तो सुवर्णकाळ मानला जातो, आणि त्या लढ्याचे मोल मीही कमी लेखत नाही. पण संपाच्या मागण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात प्रवेश द्यावा ही मागणी नव्हती. बाबासाहेबांनी ती पुढे आणली. ही मागणी घेतली नाही तर आपल्या लोकांना संपात राहू नका असे सांगावे लागेल, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. तेव्हा ती नाखुशीने घेतली गेली. पुढे मागण्या मालकांसमोर गेल्या तेव्हा मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. उत्तर कावेबाज होते यात शंका नाही. साचेखात्याचा दरवाजा जॉबरने आणि साचेवाल्यांनी लावला असला तरी किल्ली मालकाच्या खिशात होती. तरीही मालकाला ते उत्तर देता आले, ही नामुष्की कामगार चळवळीची होती.

आजोबा त्या संपात होते. इतर पुष्कळ कामगार गावी निघून गेले, शेतावर राबून दिवस काढू लागले. आजोबांना जायला शेत नव्हते. ते मुंबईतच राहिले, कर्ज काढले, आणि ते फिटेपर्यंत पुढच्या वर्षीचा संप आला. १९२९ च्या त्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्याबद्दल त्यांना संपफोडे म्हणणारे तेव्हाही होते, नंतरही निघाले. आजोबांच्या डोक्यावरचे कर्ज ज्यांनी पाहिले असेल ते असे म्हणणार नाहीत. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. म्हणजे एकजुटीला नकार कधीच नव्हता. अट एवढीच होती की एकजुटीत आम्हांला पूर्ण माणूस म्हणून घ्या.

वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, रिंगखात्यातच लागले आणि रिंगखात्यातच संपले. आजोबांच्या वेळी आमच्या लोकांसाठी पाण्याचे मडके वेगळे असे. दादांच्या वेळी मडके एक झाले होते. पण साचेखात्याविषयी विचारले की ते म्हणत, "तिकडं आपली ओळख नाही." कायदा आला होता, घटना आली होती, पण भरती ओळखीने होई आणि ओळख जातीने. ज्याचा काका साचेखात्यात त्याचा पुतण्या साचेखात्यात.

चाळींचेही तसेच. बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामाईक. इतक्या अंधाऱ्या की आरंभी लोक राहायला येईनात. १९३० च्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला होता. या चाळींची आठवण काढताना एक कुटुंब होते असे लिहितात. होते, इमारतीपुरते. पण कोणती इमारत बौद्धांची आणि कोणती मराठ्यांची हे आम्हा पोरांना पाढ्यासारखे पाठ होते. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरची सभा झाली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि पुढे कित्येक दिवस एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या जात राहिल्या. ज्यांच्याबरोबर मी आदल्या आठवड्यात कबड्डी खेळलो होतो ती मुले समोरच्या गच्चीवर होती. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर वरून पाटा टाकला गेला आणि भागवत जाधव मेला. त्याच मतदारसंघात पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्कार पुकारला होता, काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. गिरणगावाच्या आठवणींच्या पुस्तकांत निवडणूक सापडते. पाटा क्वचित सापडतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कुणी मागे घेतल्याचे जाहीर झाले नाही. तो तसाच विरून गेला. दादा त्या वेळी पन्नाशीच्या पुढे होते. भोंगा बंद झाल्यावरही ते पहाटे उठत, तोंड धूत, टोपी घालत आणि गॅलरीत जाऊन उभे राहत. आई म्हणायची, "अहो, आत या, गार वारा आहे." मी एकदा विचारले, दादा, कशाची आठवण येते? मला वाटले, सोबत्यांची म्हणतील. ते म्हणाले, "आवाजाची." रिंगखात्याच्या आवाजाने त्यांचा एक कान गेला होता आणि त्याच आवाजावाचून त्यांना झोप येत नव्हती. यात मी काही तत्त्व शोधत नाही. माणूस जिथे झिजतो तिथेच त्याचा जीव गुंततो, आणि त्याला ते चूक आहे असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला असे ठरले. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. आता वारसांना शेलू-वांगणी दाखवितात. मीही दादांच्या नावे अर्ज केला. पुराव्यासाठी पेटी उपसली तेव्हा त्यांचा पास मिळाला. नाव, तिकीट नंबर आणि खाते : रिंग. घरासाठी दाखल केलेला तो कागद माझ्या दृष्टीने आमच्या घराचा इतिहासच आहे.

बी.डी.डी.च्या जागी आता मनोरे उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. एकशे साठच्या जागी पाचशे चौरस फूट. माझ्या जुन्या शेजारणीने नव्या घरातला संडास मला उघडून दाखविला, अगदी देव्हारा दाखवावा तसा. तिच्यापुढे जुन्या चाळीचे गोडवे गाण्याची मला लाज वाटली.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय योजले आहे. त्याच कंपनीच्या सहा क्रमांकाच्या, म्हणजे इंदू मिलच्या साडेबारा एकरांवर, चैत्यभूमीलगत, बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ ला झाली. एका ठिकाणी धोटा काचेत ठेवला जाईल, दुसऱ्या ठिकाणी ज्याने त्या धोट्याचा प्रश्न विचारला तो उभा राहील. धोट्याखालच्या पाटीवर काय लिहायचे हे अजून ठरलेले नसावे. त्यासाठी पुरावा आपणच गोळा केला पाहिजे. माझी या अंकाच्या वाचकांना, विशेषतः शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना विनंती आहे : आपल्या घरातील, शेजारातील जुन्या गिरणी कामगारांकडून एवढेच विचारून घ्या की ते कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते, त्यांना कुणी चिकटवले, पाणी कुठे पीत, जेवत कुठे, आणि आपल्यापैकी पहिला माणूस साच्यावर कोणत्या वर्षी उभा राहिला. पास, हजेरी कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी असेल तर तिची प्रत काढून ठेवा. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.